इस्क्राच्या पुलावरून

माझा आणि ग्लेबचा घटस्फोट झाला तेव्हा फ्लॅट त्याने विकला, गाडी मला दिली, आणि सासूचं काय करायचं हे कोणी ठरवलंच नाही. ग्लेब दक्षिणेला क्रास्नोदारला गेला. तिथे त्याने दुसरं लग्न केलं, अंगणात द्राक्षाचे वेल लावले आणि आईला फोन करकरून "ये इकडे, ये इकडे" म्हणत राहिला. त्याची आई रिम्मा आर्काद्येव्हना सुसुमान सोडायला तयार नव्हती.

"तिकडे जानेवारीत पाऊस पडतो म्हणे," ती मला म्हणाली. "जानेवारीत! मी काय बेडूक आहे?"

मी उस्त-नेरा ते सुसुमान या रस्त्यावर औषधं आणि यंत्रांचे सुटे भाग पोचवते. चारशे किलोमीटरचा रस्ता, मधे पेट्रोलपंप दोन आणि गावं जवळजवळ सगळी मेलेली. सुसुमानला पोचले की मुक्काम रिम्मा आर्काद्येव्हनाकडेच. नवरा सुटला तरी पोरीचं सासर सुटलं नाही, असं माझी आई सगळ्यांना सांगते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या इमारतीवर पाळी आली. पाच मजली इमारत, त्यात राहणारी कुटुंबं उरली तीन. एवढ्यांसाठी पाइपातून गरम पाणी फिरवणं परवडत नाही, तुम्हाला दुसऱ्या इमारतीत जागा देतो, असं सांगायला नगरपालिकेचा माणूस आला. तिने त्याला चहा पाजला, मुरंबा खाऊ घातला आणि म्हणाली, "बाळा, एकदा गाव रिकामं करून इथे आले. आता इथून उठून समोर जाऊ, आणि समोरून उठून कुठे? स्मशानात? मग सरळच जाते ना."

मी त्या दिवशी तिथेच होते. तो गेल्यावर म्हटलं, "माझ्याकडे तोम्तोरला चला."

ती बराच वेळ कप विसळत राहिली. "तुझी आई काय म्हणेल? तिला रशियन येत नाही आणि मला याकूत येत नाही."

"मग भांडणाचा प्रश्नच मिटला."

"तुया, तू फार वाह्यात आहेस," ती म्हणाली. याचा अर्थ हो.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे आम्ही निघालो. माझी गाडी बुखांका, म्हणजे पावाच्या लादीसारखी दिसणारी व्हॅन. मागे तिचं शिलाई मशीन, भिंतीवरचा गालिचा, मुरंब्याच्या बरण्या गोधडीत गुंडाळलेल्या. बाहेर उणे पन्नासच्या आसपास. गावावर एवढं धुकं होतं की समोरच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत गावाचं स्वतःचं धुकं असतं. माणसांचे श्वास, धुराडी, गाड्या, गुरं, सगळ्यांची वाफ वर जाऊच शकत नाही, तिथेच गोठून लटकते. गावाची वेस ओलांडली आणि धुकं एकदम संपलं, पडदा बाजूला करावा तसं. वर इतके तारे की रिम्मा आर्काद्येव्हनासुद्धा काच पुसून बघत बसली.

मग ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. इस्क्रा आलं की गाडी हळू करायची नाही. मी डोळे मिटून घेईन."

"बरं."

"आलं असं सांगायचंही नाही."

"मग डोळे कधी मिटायचे ते कसं कळेल तुम्हाला?"

"मला कळेल."

इस्क्रामध्ये तिने तीस वर्षं काढली होती. कोळशाच्या खाणीचं गाव. तिचा नवरा आर्सेनी बॉयलर-घरात होता आणि ती गावच्या रेडिओवर बोलायची. प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पेटी असायची आणि रोज सकाळी त्या पेटीतून तिचा आवाज यायचा: आज उणे इतकं, पहिली ते चौथीच्या मुलांनी शाळेत येऊ नये. खाण बंद झाली तशी माणसं पांगू लागली. मग एका जानेवारीत बॉयलर फुटला, इमारतींमधले पाइप दोन दिवसांत गोठून फाटले, आणि उरलेल्यांना बसमध्ये बसवून नेलं. ग्लेब तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्या बापाने नंतर सुसुमानमध्ये अंथरूण धरलं आणि तो पुढचा उन्हाळा बघू शकला नाही. हे सगळं मला ग्लेबने सांगितलं. तिने कधीच नाही.

पहिल्या घाटावर मी गाडी थांबवली. आमच्यात रस्त्याला काहीतरी देतात. मी घरून आणलेल्या घावनातला एक तुकडा तोडून काठावर ठेवला आणि दोन शब्द बोलले. हा रस्ता कैद्यांनी बांधला आणि त्यातले कितीतरी त्याच्याखालीच झोपलेत, ते आम्ही सगळे जाणतो, म्हणून मोठ्याने बोलत नाही.

"सगळं देऊ नकोस," गाडीतून आवाज आला. "जिवंत माणसंही उपाशी आहेत इथे."

उजाडलं ते निळं. मग गुलाबी. डोंगर एकामागे एक उघडत गेले, आणि कुठेही काही हलत नव्हतं. लार्चच्या झाडांच्या उघड्या काड्यांवर इतकं बर्फाचं दहिवर की अख्खं रान पांढऱ्या लोकरीचं वाटावं. मी या रस्त्यावर अठरा वर्षं गाडी चालवतेय. सवय होते म्हणतात. मला तरी ती झालेली नाही. दर खेपेला एखाद्या वळणावर मी शिटी वाजवत बसते, कोणीतरी आहे एवढं कळावं म्हणून.

एक मेलेलं गाव गेलं, मग दुसरं. शाळेची भिंत, रिकामी टाकी, रंग उडालेला बसथांबा. रिम्मा आर्काद्येव्हना उघड्या डोळ्यांनी बघत होती, मधूनच सालो, म्हणजे खारवलेली डुकराची चरबी, कापून ब्लॅक ब्रेडवर ठेवून मला देत होती. दुसऱ्यांची गावं तिला बघवत होती.

दहाच्या सुमारास पुढे ट्रक उभे दिसले. पाच-सहा असतील. त्यांच्यापुढे रस्ता नव्हताच. नदीने बर्फ फोडून पाणी वर टाकलं होतं. नालेद म्हणतो आम्ही याला. नदी तळापर्यंत गोठायला लागली की खालचं पाणी कोंडतं आणि बर्फ चिरून वर येतं, उणे पन्नासातसुद्धा. ते अख्ख्या दरीभर पसरलं होतं, हिरवट, वाफाळणारं. त्यात चाक गेलं की तिथेच गोठून बसतं.

एका उराल ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकी खाली केली. चाळिशीचा, लाल दाढीवाला. "ताई, वळवा गाडी. रस्ता मोकळा करणारं यंत्र आज येणार नाही, उद्या आलं तर नशीब."

"उद्या?" माझ्या शेजारून रिम्मा आर्काद्येव्हना कडाडली. "उद्यापर्यंत इथे बसून काय करायचं? अंडी घालायची? जुना रस्ता आहे ना वरून!"

तो माणूस कान टवकारून पुढे वाकला. मग खाली उतरला. आमच्या खिडकीपाशी आला, टोपी मागे सारली आणि आत बघत राहिला.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"काय पुन्हा बोला? मी काय पोपट आहे?"

"तुम्ही इस्क्राच्या रेडिओवरच्या! देवाशप्पथ! पेटीतल्या काकू!" त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "मी गेर्मान. बेकरीवाल्या नोन्नाचा मुलगा. दुसरीत होतो आपण निघालो तेव्हा. तुमच्या आवाजाची वाट बघत अंथरुणात पडून असायचो आम्ही. उणे एक्कावन्न म्हणालात की उड्या मारायच्या, एकोणपन्नास म्हणालात की शिव्या!"

"मला शिव्या?"

"तुम्हाला नाही हो. हवामानाला. थोड्या तुम्हालाही."

रिम्मा आर्काद्येव्हना हसली नाही, पण खिडकीची काच पूर्ण खाली केली. त्या थंडीत आमच्याकडे तसं कोणी करत नाही.

जुना रस्ता म्हणजे इस्क्रामधून जाणारा. गावाच्या पलीकडे नदीवर काँक्रीटचा पूल आहे, तो ओलांडला की चार-पाच किलोमीटरवर पुन्हा हमरस्ता. पण तिकडे बर्फ कोणी काढत नाही. गेर्मानच्या उरालची चाकं माझ्या खांद्याएवढी होती. त्याच्या गाडीत सफरचंदं होती आणि ती गरम ठेवायला त्याचं डिझेल जळत होतं, त्यामुळे तोही अस्वस्थ होता. "मी पुढे होतो, तुम्ही माझ्या चाकोरीतून या," तो म्हणाला. बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, जा, पोचलात तर कळवा.

मी तिच्याकडे बघितलं. "जायचं ना?"

"मला काय विचारतेस? गाडी तुझी आहे." आणि ती समोर बघत बसली. डोळे मिटले नाहीत.

अर्धा तास आम्ही उरालच्या मागे उसळत, घसरत गेलो. मग झाडी सरली आणि इस्क्रा दिसलं. मी ते हमरस्त्यावरून कितीदा तरी पाहिलं होतं, एखादा करडा दात दिसावा तसं. आतून कधीच नाही. इमारतींच्या दोन रांगा, मधे रुंद रस्ता, टोकाला बॉयलर-घराची चिमणी. आणि सगळं इतकं स्वच्छ! धुराची रेघ नाही, धुक्याचा कण नाही. प्रत्येक खिडकी, प्रत्येक तार, गॅलरीत राहिलेली एक लहान मुलाची घसरगाडी, सगळं सुईने टाचल्यासारखं स्पष्ट. हिवाळ्यात असं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. जिवंत गाव हिवाळ्यात दिसतच नाही.

रिम्मा आर्काद्येव्हना एकदाच बोलली. "दारात झाड उगवलंय," ती म्हणाली. कोणाच्या दारात ते मी विचारलं नाही.

पुलाच्या अलीकडे गेर्मान थांबला. पायी पुलावर गेला आणि तिसऱ्याच पावलाला आपटला. मी गेले तर माझीही तीच गत. खालच्या नालेदची वाफ दिवसेंदिवस पुलावर बसून गोठली होती. काचेसारखा थर, त्यात पूल मधे उंच आणि दोन्हीकडे उतार, कठडाही एका बाजूचा गेलेला.

आम्ही तिथे उभे असतानाच मागून घंटा वाजली. एकच, बारीक. वळून बघितलं तर मोठ्या रस्त्याच्या मधोमध एक बाई रेनडिअरच्या घसरगाडीवर बसून येत होती, अंगावर कातड्याचा लांब कोट, पापण्या पांढऱ्या झालेल्या. तिच्यामागे गळ्यात घंटा असलेला एक पांढरा रेनडिअर चालत होता. आणि त्याच्यामागे रस्ता भरला होता. इमारतीपासून इमारतीपर्यंत, दिसेल तिथवर.

मी आधी समजू शकले नाही. वाटलं जमीनच सरकतेय.

बाई आमच्यापाशी थांबली. एव्हेन होती, रेनडिअर पाळणाऱ्या जमातीची, साठीची, नाव मात्र्योना. याकूतमध्ये बोलली. "खालची नदी पसरलीय. ओल्या खुरांनी एकही जगायचं नाही. पूल तेवढा आहे. माझे दोघे भाऊ मागे आहेत, लांडग्यांनी परवापासून पाठ धरलीय. गाड्या पुलावर घालू नका, आधी माझी जनावरं जाऊ द्या. तुमच्या धुराचा वास लागला तर म्होरक्या पाऊल टाकणार नाही."

"पाऊल तर तसंही टाकता येत नाही," मी म्हटलं. "काच आहे नुसती."

तिने म्होरक्याला पुढे नेलं. त्याने एक खूर बर्फावर ठेवला, तो सरकला, आणि तो मागे हटून अंग आखडून उभा राहिला. त्याच्यामागे सगळे थांबले. हजारो जनावरं थांबली आणि आवाज नाही.

"वाळू हवी," मात्र्योना म्हणाली. "नाहीतर माती. पण माती तर दगड झालीय."

मी रिम्मा आर्काद्येव्हनाला रशियनमध्ये सांगितलं. ती गाडीतून उतरली होती, तीन शाली गुंडाळून. तिने चिमणीकडे बघितलं. मग पुन्हा पुलाकडे.

"राख आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"बॉयलर-घराखाली. तळघरात पडायची, आणि शनिवारी काढायचे. शेवटच्या वेळी शनिवार आलाच नाही." तिने नाक पुसलं. "आर्सेनी म्हणायचा, राख तशीच राहिली. दोन-तीनदा म्हणाला. मी म्हणायचे, मेल्या, गाव गेलं आणि तू राखेचं काय घेऊन बसलास."

ती पुढे आणि आम्ही मागे. पायऱ्यांवर बर्फ नव्हतं, छप्पर शाबूत होतं. ती अंधारात न चाचपडता उतरली, एका लोखंडी दाराशी थांबली आणि म्हणाली, "खालून लाथ घाल, वरून ढकलू नकोस." गेर्मानने लाथ घातली. दार उघडलं. आत राख होती. करडी, कोरडी, कमरेएवढी, आत्ताच पडल्यासारखी भुसभुशीत.

गेर्मानने आपली ताडपत्री आणली, मात्र्योनाने घसरगाडीचे दोन रेनडिअर. ताडपत्रीवर राख भरायची, जनावरांनी ती ओढत पुलापर्यंत न्यायची, आणि आम्ही फावड्याने पसरायची. किती खेपा झाल्या देव जाणे. फावडी दोनच होती, म्हणून रिम्मा आर्काद्येव्हना सामानातल्या मुरंब्याच्या पातेल्याने राख उडवत होती. आम्ही सगळे बॉयलरवाल्यांसारखे दिसायला लागलो.

"आजी, तुम्ही बसा आता," मात्र्योना मोडक्या रशियनमध्ये म्हणाली.

"आजी कोणाला म्हणतेस? तुझं तोंड आरशात बघ!"

मात्र्योना एवढी हसली की तिच्या पापण्यांवरचं बर्फ गळून पडलं.

राख पुलाच्या मधोमध पोचली तेव्हा गेर्मान दम खायला थांबला. "काकू," तो म्हणाला, "एकदा म्हणा ना. शाळेला सुट्टी."

"काम कर."

"एकदा."

ती पातेलं खाली ठेवून सरळ उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. पण ती त्या दुसऱ्याच आवाजात बोलली, जो मी कधी ऐकला नव्हता, हळू, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं. "इस्क्रा बोलतेय. सुप्रभात, मंडळी. आज उणे बावन्न. पहिली ते चौथीच्या मुलांनी शाळेत येऊ नये. पाचवीपासून पुढच्यांनी नाकावर रुमाल बांधून यावं."

त्या थंडीत आवाज लांब जातो. तो इमारतींवरून गेला आणि परत आला. गेर्मान पाठ फिरवून जोरजोरात राख पसरू लागला.

काम संपलं तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेवर टेकला होता. मात्र्योनाने म्होरक्याला पुन्हा आणलं. त्याने राखेचा वास घेतला, खूर ठेवला, थांबला, दुसरा ठेवला. मग चालू लागला. घंटा पुलावर गेली.

"बाजूला व्हा, पण पळू नका," मात्र्योना त्याच्यासोबत जाता जाता म्हणाली. "उभेच राहा. ते वाट काढतात."

आणि कळप निघाला.

तुम्ही रेनडिअर चालताना ऐकले आहेत का? त्यांच्या पायांत चालताना एक शीर सरकते आणि बारीकसा टकटक आवाज होतो. एक जनावर असेल तर लक्षातही येत नाही. इथे अडीच हजार होते. चुलीत सुकी लाकडं पेटावीत तसा तो तडतडाट रस्ताभर पसरला, भिंतींवरून परत आला, पायाखालच्या जमिनीतून माझ्या हाडांत शिरला. माझी गाडी, गेर्मानचा उराल, आम्ही तिघं, सगळ्यांच्या दोन्ही बाजूंनी ते वाहू लागले. माद्यांची शिंगं अजून होती, नरांची गळलेली. सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या. डोळे मोठे, काळे, आणि त्या डोळ्यांत आमची काहीच दखल नव्हती.

मग धुकं उठलं.

मला आधी ते कळलंच नाही. रस्त्याच्या त्या टोकाला काहीतरी पांढरं जमत होतं. अडीच हजार श्वास. ते वर जाऊ शकत नव्हते. ते पहिल्या मजल्यापर्यंत चढले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खिडक्या एकेक करून त्यात बुडाल्या. गॅलरीतली ती घसरगाडी बुडाली. सूर्य त्यात आडवा शिरला आणि सगळी गल्ली आतून पेटल्यासारखी सोनेरी झाली, आणि त्या उजेडातून शिंगं, नुसती शिंगं, रांगेने आमच्याकडे येत राहिली. वर, धुक्याच्या वर, इमारतींची छपरं तरंगत होती. मी इस्क्रात कधी राहिले नाही. पण शंभर पावलांवरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, गाव आहे, माणसं घरी आहेत, चहा ठेवलाय.

मी आहे तिथेच उभी राहिले. भीती नव्हती ती. मला एवढंच वाटत होतं की मी हलले तर हे मोडेल.

रिम्मा आर्काद्येव्हना पुलाच्या तोंडाशी पातेलं धरून उभी होती. कळप तिच्यापाशी दुभंगत होता आणि तिच्या मागे जुळत होता. एकाने थांबून तिची बाही चाटली, बहुतेक घामाच्या मिठासाठी, आणि पुढे गेला. तिने पातेलं काखेत धरलं, हातमोजा काढला, आणि उघडा तळहात बाजूला धरला. त्या थंडीत उघडा हात मिनिटभरही टिकत नाही. पण जाणाऱ्या प्रत्येक पाठीची ऊब त्या हाताखालून जात होती. ती तशीच उभी राहिली. मी हाक मारली, "मोजा घाला!" तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं.

शेवटी दोन स्नोमोबाइल आल्या, मात्र्योनाचे भाऊ. त्यांनी हात वर केला आणि तेही पूल ओलांडून गेले. घंटा झाडीत शिरली. धुकं बराच वेळ राहिलं. मग ते बारीक चुऱ्यासारखं खाली पडायला लागलं, इतकं हळू की आमच्या टोपीवर पडलेलं ऐकू यावं.

गेर्मान गाडीच्या पायरीवर बसला होता. "माझ्या बायकोला सांगितलं तर म्हणेल, प्यायला होतास," तो म्हणाला.

"प्यायला होतास का?" रिम्मा आर्काद्येव्हनाने विचारलं.

"नाही हो."

"मग सांग."

राखेवरून दोन्ही गाड्या सहज पार झाल्या. आम्ही हमरस्त्याला लागलो. मग ती म्हणाली, "गरम असतात गं. एवढ्या थंडीत, आणि पाठ अशी भाकरीसारखी गरम." तिची बोटं लाल झाली होती. मी तिचा हात हीटरपुढे धरला आणि एका हाताने गाडी चालवली.

उस्त-नेराला रात्री पोचलो. ड्रायव्हर लोकांच्या विश्रामगृहात खोली मिळाली. कणकेत मांस भरलेले पेल्मेनी उकडून खाल्ले, चेहरे धुतले, पाणी तीनदा काळं झालं. तेवढ्यात ग्लेबचा फोन आला.

"हो, पोचलो," रिम्मा आर्काद्येव्हना त्याला सांगत होती. "इस्क्रामधून आलो. नाही रे, बाहेरून नाही, आतून. हो, मी उतरले. ऐक ना. तिथे रेनडिअर आले होते." ती थांबली. "खूप. अरे, नुसते खूप नाही..." तिने मोकळा हात वर केला, दुसरा मजला, तिसरा मजला, आणि मग फोनमधून हात दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं. चार हजार माणसांच्या गावाला रोज सकाळी बोलून उठवणारी बाई तोंड उघडून गप्प बसली होती. तिने फोन माझ्या हातात दिला.

"काय झालं तिला?" ग्लेब म्हणाला. "रडतेय का? त्रास झाला ना तिथे? कशाला नेलंस तिला?"

"रस्ता बंद होता. आणि रडत नाहीये."

"मग काय बघितलं एवढं?"

मीही प्रयत्न केला. म्हटलं, धुकं होतं, ऊन होतं, आणि मधून कळप जात होता.

"अच्छा," तो म्हणाला. "फोटो पाठव."

आमच्यापैकी कोणीही फोटो काढला नव्हता. मला वाटतं, कोणाला आठवणच झाली नाही.

रिम्मा आर्काद्येव्हना आता तोम्तोरला आमच्या मागच्या खोलीत राहते. तिचा गालिचा भिंतीवर आहे. माझ्या आईशी तिचं चुलीवरून रोज वाजतं, खाणाखुणांनी. मार्चमध्ये गेर्मान एक पेटी सफरचंदं देऊन गेला. एप्रिलमधल्या एका खेपेला मी पुन्हा तिथून जात होते. हमरस्ता साफ होता, कुठे वळायची गरज नव्हती. तरी मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून उतरले. दुरून पूल दिसत होता आणि बर्फात त्यावरचा राखेचा पट्टा. ऊन चांगलं होतं, एक कावळा ओरडत होता. मी थोडा वेळ बघत उभी राहिले. मग पाय गार पडले आणि मी निघाले, सुसुमानच्या दवाखान्यात दुपारपर्यंत इन्सुलिन पोचायला हवं होतं.